सीमोल्लंघन आणि हजेरी

कलाकृतीच्या शीर्षकाचे भाषांतर करताना येणारी अडचण बहुधा शब्दांची असते. क्वचित ती इतिहासाची असते. सोलापुरातील एका निवृत्त मराठीच्या प्राध्यापकांना हा दुसऱ्या प्रकारचा अनुभव आला, तो जॉन फोर्ड या अमेरिकन दिग्दर्शकाच्या 'थ्री बॅड मेन' या मूकपटाच्या निमित्ताने. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांपुढे या चित्रपटाविषयी काही बोलावे, अशी विनंती त्यांना करण्यात आली होती. १९२६ सालचा हा चित्रपट अमेरिकेतील स्वामित्वहक्काच्या मुदतीतून आता मुक्त झाला आहे. नातवाने तो घरच्या संगणकावर लावून दिला. पाहून झाल्यावर टिपणे काढण्यासाठी त्यांनी वही उघडली आणि पहिल्याच ओळीत, शीर्षकापाशीच, त्यांचे लेखन थांबले.

'तीन वाईट माणसे' हे भाषांतर निर्दोष असले तरी बाळबोध वाटत होते. 'तीन दुर्जन' म्हणावे तर सुभाषितातला निवांत नीतिबोध त्या शब्दाला चिकटलेला. 'तीन गुन्हेगार' हा पर्याय त्यांनी लिहिला आणि लगेच खोडला. हा शब्द त्यांच्या घरात सहसा कोणी उच्चारीत नसे. त्यांच्या वडिलांचा जन्म सोलापूरच्या सेटलमेंटमधला, आणि आजीचे तरुणपण तिथल्या तारेच्या कुंपणाच्या आत गेलेले. घरातील थोरांच्या बोलण्यात 'तारेच्या आत' आणि 'तारेच्या बाहेर' असे दोनच प्रदेश असत. सोन्याच्या ओढीने सुटलेल्या गर्दीविषयीचा एक परका मूकपट या दोन प्रदेशांच्या सीमेवर येऊन उभा राहील, अशी त्यांची अपेक्षा नव्हती.

चित्रपटाचे कथानक १८७०च्या दशकातील डाकोटा प्रांतात घडते. सोने सापडल्याची वार्ता पसरली आहे, आणि गाड्यांचे तांडेच्या तांडे त्या दिशेने निघाले आहेत. ली कार्लटन नावाची तरुणी आपल्या वडिलांसमवेत उमदे घोडे घेऊन या प्रवासात आहे. वाटेत दरोडेखोर तिच्या वडिलांना ठार मारतात. त्याच घोड्यांवर डोळा ठेवून आलेले दुसरे तिघे फरारी, बुल स्टॅन्ली, माइक कॉस्टिगन आणि स्पेड अ‍ॅलन, या निराधार मुलीपुढे येतात, आणि तिला लुटण्याऐवजी तिचे पालक होऊन बसतात. पुढे ते तिच्यासाठी नवरा शोधतात, डॅन ओमॅली या तरुणाशी तिची गाठ घालून देतात, आणि अखेरीस गावच्या दुष्ट शेरीफच्या टोळीला थोपवून धरीत एकामागून एक प्राण देतात. वाईट माणसे चांगली ठरतात आणि कायद्याचा बिल्ला लावणारा माणूस सर्वांत वाईट ठरतो, ही वेस्टर्न या प्रकाराच्या वाचकाला परिचित असलेली उलटापालट येथे स्पष्ट स्वरूपात आढळते.

चित्रपटाचा कळसाध्याय म्हणजे जमिनीची शर्यत. एका रेषेवर शेकडो गाड्या, घोडेस्वार, बायकापोरे ओळीने उभी आहेत. इशारा होताच ती सारी रेषा फुटते आणि धुळीच्या लोटात दौडू लागते. या गर्दीत एक वृत्तपत्रकारही आपला छापखाना गाडीवर लादून निघाला आहे. धावपळीत एक तान्हे मूल जमिनीवर राहून जाते. मागून घोडे चौखूर येत आहेत, आणि टापांखाली सापडण्याच्या क्षणी कोणीतरी ते उचलून घेते. शब्दाची मदत नसलेला पडदा प्रेक्षकाचा श्वास कसा रोखून धरू शकतो, याचा हा नमुना आहे. इतिहासाच्या दृष्टीने मात्र ही शर्यत उसनी आहे. एका इशाऱ्यासरशी सुटलेली अशी जमिनीची धाव प्रसिद्ध आहे ती ओक्लाहोमातील, १८८९ सालची. फोर्डने डाकोटाचे सोने आणि ओक्लाहोमाची जमीन एकाच दृश्यात आणली. त्यामुळे सोने हे कथानकाचे निमित्त ठरते. त्याच्या हाकेने माणसे गोळा होतात, आणि चित्रपट संपतो तो घर, शेत आणि पाळणा यांपाशी. धातूची लालसा मातीच्या मालकीत रूपांतरित होऊन पवित्र होते, असे या चित्रपटाचे आशयसूत्र सांगता येईल.

परंतु ही माती कोणाची होती? १८६८च्या फोर्ट लॅरामीच्या तहाने ब्लॅक हिल्सचा प्रदेश सू लोकांच्या वहिवाटीसाठी राखून ठेवला होता. १८७४ साली कस्टरच्या नेतृत्वाखालील लष्करी मोहीम या डोंगरांत शिरली आणि तिने सोने असल्याची बातमी बाहेर आणली. १८७६च्या युद्धात कस्टर मारला गेला, तरी १८७७ साली अमेरिकन काँग्रेसने कायदा करून तो प्रदेश काढून घेतला. एका शतकानंतर, १९८० साली, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या बळकावणीबद्दल व्याजासह दहा कोटी डॉलर्सहून अधिक भरपाई मान्य केली; सू लोकांनी ती आजवर स्वीकारलेली नाही, कारण त्यांना पैसा नको, डोंगर हवे आहेत. चित्रपटात हे लोक कथानकाच्या मध्यभागी कोठेच येत नाहीत. मूकपटात सर्वच पात्रे मुकी असतात, तरी काहींच्या वाट्याला शीर्षकपाट्या येतात आणि काहींच्या वाट्याला त्याही येत नाहीत. मूकपटाचे वाचन करणाऱ्याने हा भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

१८७७ हे साल लिहिताना प्राध्यापकांना दुसऱ्या एका नोंदीची आठवण झाली. सोलापूरची पहिली कापडगिरणी, जिला गाव पुढे 'जुनी गिरणी' म्हणू लागले, ती त्याच साली सुरू झाली. त्याच साली दख्खनेत दुष्काळ होता. १८७६ ते ७८च्या त्या दुष्काळात सोलापूर जिल्हा होरपळून निघाला. लोक गावे सोडून दुष्काळी कामांवर गेले. आणि १८७७च्या आरंभी त्या कामांवरची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य व वर थोडी रोकड या हिशोबाने खाली आणली गेली. अनेक ठिकाणी मजुरांनी काम सोडले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. त्याआधी १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व गहाणखते जाळली होती. १८७९ साली दख्खन शेतकरी कायदा झाला तेव्हा जे चार जिल्हे त्याच्या कक्षेत आले, त्यांत सोलापूर होते. डाकोटात माणसे जमिनीकडे धावत असताना या बाजूला ती जमिनीवरून निघत होती. दोन्हीकडे गर्दी होती, धूळ होती, गाड्यांवर लादलेले संसार होते. छायाचित्रात कदाचित दोन्ही दृश्ये सारखीच दिसली असती.

हा दुसरा प्रवास मराठी मूकपटाने टिपला होता. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सावकारी पाश' १९२५ सालचा, म्हणजे फोर्डच्या चित्रपटाच्या वर्षभर आधीचा. ना. ह. आपटे यांच्या कथेवर आधारलेल्या या चित्रपटात व्ही. शांताराम यांनी तरुण शेतकऱ्याची भूमिका केली होती. सावकाराच्या कचाट्यात जमीन गमावून तो शहराची वाट धरतो. वेस्टर्नचा नायक मोकळ्या क्षितिजाकडे जातो, हा नायक गिरणीच्या फाटकाकडे. दोन्ही चित्रपट शेजारी ठेवून पाहावेत असा मोह होतो. पण 'सावकारी पाश'ची मूळ प्रत आज उपलब्ध नाही, ज्यांनी तो पाहिला त्यांच्या आठवणींवरच त्याची कीर्ती उभी आहे. आपल्याकडील मूकपटांच्या कितीतरी फिती जळाल्या, सडल्या, आणि कितीतरी वितळवून त्यांतील चांदी काढून विकली गेली. 'रुपेरी पडदा' या शब्दातील धातू असा अगदी शब्दशः वसूल झाला.

गिरण्यांना माणसे हवी होती. तेलंगणातून विणकर आले, कर्नाटकातून शेतमजूर आले, भोवतालच्या दुष्काळी तालुक्यांतून मराठी कुणबी आले. सोलापूर बहुभाषिक झाले ते या ओघाने. याशिवाय आणखी एका मार्गाने माणसे आली, म्हणजे आणली गेली. १८७१ साली उत्तर हिंदुस्थानात लागू झालेला गुन्हेगार जमाती कायदा १९११च्या नव्या स्वरूपात मुंबई इलाख्यालाही लागू झाला. विशिष्ट जमातीत जन्म हाच संशयाचा पुरेसा आधार मानून सरकारने माणसांच्या नोंदवह्या केल्या, त्यांना हजेरी लावली, आणि कित्येकांना वसाहतींत डांबले. सोलापूरची सेटलमेंट ही इलाख्यातील मोठ्या वसाहतींपैकी एक. तिच्याभोवती तारेचे कुंपण होते. आतल्या स्त्रीपुरुषांना गिरण्यांत कामाला पाठवले जाई. भोंगा झाला की जायचे, पाळी संपली की परतायचे, आणि हजेरी द्यायची. सुधारणेच्या भाषेत याला उद्योगाची शिस्त म्हणत. 'सोन्याचा धूर' हा मराठीचा जुना वाक्प्रचार गिरण्यांच्या भरभराटीच्या काळाविषयी सोलापुरात अजून ऐकू येतो. प्राध्यापकांच्या आजीने तो धूर वाइंडिंग खात्यातून पाहिला होता, आणि तिच्या बोलण्यात त्याचा रंग काळाच होता.

या पार्श्वभूमीवर शीर्षकातील विशेषणाचा विचार करता येतो. फोर्डच्या चित्रपटात 'बॅड' हे कृतीने कमावलेले विशेषण आहे. तिघे चोऱ्या करतात म्हणून वाईट; मुलीला आसरा देतात त्या क्षणी ते विशेषण सैल होऊ लागते, आणि मृत्यूच्या वेळी गळून पडते. विशेषण गळण्याचा हा प्रवास म्हणजेच कथानक. मराठीने फारसीच्या वाटेने घेतलेल्या 'बदमाश' शब्दाची घडण वेगळी आहे. 'बद' म्हणजे वाईट आणि 'मआश' म्हणजे उपजीविका. ज्याचे पोट वाईट मार्गाने भरते तो बदमाश. हा शब्द माणसापेक्षा त्याच्या पोटाकडे बोट दाखवतो, म्हणून त्याच्यात एक प्रश्न शिल्लक राहतो: चांगली उपजीविका या माणसाला कोणी नाकारली? मीठ, धान्य, गुरे यांच्या पाठीवरच्या व्यापारावर जगणाऱ्या जमातींची उपजीविका रेल्वेने बुडवली. जंगलावर जगणाऱ्यांची जंगल कायद्याने बुडवली. १९११च्या कायद्याने यापुढचे पाऊल टाकले. त्याने कृती पाहिली नाही आणि उपजीविकाही पाहिली नाही. त्याने वंश पाहिला. तेथे 'वाईट' हे विशेषण राहिले नाही, त्याचे नाम झाले, आणि नाम गळून पडत नाही.

गंमत अशी की याच सरकारला पडद्यावरच्या बदमाशांची धास्ती होती. १९१८च्या कायद्याने चित्रपटांवर परिनिरीक्षण आले. १९२७-२८ साली दिवाणबहादूर टी. रंगाचारी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने देशभर साक्षी घेतल्या. तेव्हा हिंदुस्थानातील चित्रगृहांत दाखवले जाणारे बहुसंख्य चित्रपट अमेरिकन होते, आणि मारामारीच्या व दरोडेखोरीच्या या चित्रांनी एतद्देशीय प्रेक्षकाचे चारित्र्य बिघडते काय, हा चौकशीचा एक विषय होता. मूकपटाच्या पाट्या वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रगृहात कोणीतरी त्या मोठ्याने वाचून दाखवी, त्यांचा अर्थ सांगे. परदेशी बदमाश असा देशी आवाजात बोलू लागे. प्रेक्षक चित्रपट पाहून गुन्हेगार होईल, या भीतीत एक गृहीत दडलेले आहे: माणूस घडतो, बिघडतो, म्हणजे बदलू शकतो. चित्रगृहातल्या माणसाविषयी सरकारने ते मान्य केले होते, कुंपणातल्या माणसाविषयी मात्र नाही.

सैद्धान्तिक मांडणीने येथे काही अंतरापर्यंत सोबत केली. फ्रेडरिक जॅक्सन टर्नरने १८९३ साली अमेरिकन स्वभावाचा उगम सरहद्दीत शोधला. सरहद्द सरकत जाते आणि माणूस तीवर नवा होतो, असे त्याचे प्रतिपादन. रॉबर्ट वॉर्शोने १९५४च्या निबंधात वेस्टर्नच्या नायकाची खरी चिंता स्वतःच्या प्रतिष्ठेची असते, असे दाखवून दिले. एरिक हॉब्सबॉमने १९५९ साली सामाजिक दरोडेखोराची संकल्पना मांडली: राज्याच्या लेखी गुन्हेगार, आपल्या माणसांच्या लेखी वीर. हॉब्सबॉमच्या चौकटीत मराठी वाचकाला प्रथम आठवतो तो अण्णा भाऊ साठे यांचा 'फकिरा'. १९५९ सालची ही कादंबरी प्राध्यापकांनी अनेक वर्षे शिकवली. दुष्काळात उपाशी माणसांसाठी धान्य लुटणारा, खजिन्यावर हात टाकणारा फकिरा हा वेस्टर्नच्या फरारी नायकाचा भाऊ शोभेल. परंतु कादंबरीतील हजेरीचा प्रसंग वाचताना हे नाते तुटते. तेथे एका माणसाच्या बंडासाठी सबंध समाज वेठीस धरला जातो, आणि फकिरा शरण जातो तो आपल्या माणसांना सोडवण्यासाठी. बुल स्टॅन्ली आणि त्याचे सोबती ज्यांच्यासाठी मरतात त्यांना जमीन मिळते. फकिराच्या शरण जाण्याने त्याच्या माणसांना मिळते ती केवळ त्यांची सुटका. वॉर्शोची प्रतिष्ठा एकट्या माणसाला परवडते. ज्याच्या मागे नोंदवहीतील चारशे नावे उभी असतात, त्याला एकटे असण्याचीही मुभा नसते.

फोर्डचा चित्रपट हर्मन व्हिटेकर यांच्या कादंबरीवर आधारलेला आहे, आणि त्या कादंबरीचे नाव 'ओव्हर द बॉर्डर' असे आहे. त्याचा सरळ मराठी प्रतिशब्द 'सीमोल्लंघन'. सीमा ओलांडणे आणि सोने मिळवणे यांची सांगड घालण्यासाठी मराठी मनाला वेस्टर्नची गरज नव्हती. दसऱ्याला ती दरवर्षी घातली जाते. त्यामागची कथा सर्वपरिचित आहे. गुरुदक्षिणेसाठी कौत्साला चौदा कोटी सुवर्णमुद्रा हव्या होत्या. रघुराजाच्या धाकाने कुबेराने सोन्याचा पाऊस पाडला. कौत्साने हवे तेवढेच घेतले, राजाने उरलेले परत घेण्याचे नाकारले, आणि लोकांनी ते लुटले. या कथेतील सोने दोघांनीही नाकारल्यामुळे सर्वांचे होते. म्हणून आपट्याचे पान लुटले तरी ते दुसऱ्याला द्यायचे असते. डाकोटातील सोने पहिल्याने खुंटी रोवली त्याचे. दोन संस्कृतींच्या कल्पनेतील हा भेद मनोहर आहे, आणि व्याख्यानात तो मांडण्याचा प्राध्यापकांचा विचारही होता. पण आपल्या परंपरेचे हे औदार्य मांडताना आजीची एक आठवण आडवी आली. ती सांगे, दसऱ्याला तारेबाहेर जायचे तर पास लागे. पास नसला की तारेतून हात बाहेर काढून पाने द्यायची आणि बाहेरच्याने दिलेली तशीच आत घ्यायची. सोने तारेतून जाई, माणूस जात नसे. सीमोल्लंघनाचा हा प्रकार कोणत्याही पोथीत नाही.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला. पंडित नेहरूंनी सोलापुरात येऊन कुंपणाची तार तोडली, अशी आठवण विमुक्त समाजांत सांगितली जाते. सेटलमेंट हे नाव मात्र गावाच्या पत्त्यांत अजून आहे, आणि सराईत गुन्हेगारांविषयीचे नवे कायदे पाठोपाठ आलेच. 'विमुक्त' या शब्दातही आधीच्या बंधनाची नोंद असते. तो शब्द उच्चारणारा दर वेळी तार पुन्हा एकदा उभी करतो आणि पुन्हा तोडतो.

चित्रपटाच्या अखेरीस काही वर्षे लोटलेली आहेत. ली आणि डॅन यांचे घर झाले आहे, त्यांना मुलगा झाला आहे, आणि त्याला त्या तिघांची नावे दिलेली आहेत. नंतर तिघांच्या घोडेस्वार छायाकृती दिसतात. जुन्या वळणाच्या या भावुकतेवर समीक्षकाला हसू येऊ शकते. प्राध्यापकांना ते आले नाही. एका मुलाला वाईट माणसांची नावे मिळतात आणि ती त्याच्यासाठी आशीर्वाद होतात. त्याने कोणाच्या पोटी जन्म घेतला यापेक्षा कोणाच्या उपकारावर तो जगला, हे त्या नावांत नोंदले जाते. त्यांच्या वडिलांचे नावही जन्मानंतर लवकरच एका वहीत लिहिले गेले होते. ती नोंद आशीर्वादाची नव्हती. त्या कायद्यात सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून काढून वेगळ्या शाळांत ठेवण्याचीही तरतूद होती. आजी ती वर्षे मोजत असे. घोड्यांच्या टापांपुढून उचललेले ते तान्हे मूल पाहताना त्यांना आधी आठवले होते ते हेच, आणि म्हणूनच कदाचित त्या दृश्यात त्यांचा श्वास इतरांपेक्षा अधिक वेळ रोखला गेला असावा.

व्याख्यानाच्या दिवशी त्यांनी फळ्यावर 'तीन बदमाश' असे लिहिले. शब्दाची फोड करून सांगितली, 'मआश'खाली रेघ ओढली. 'गुन्हेगार' का लिहिले नाही, असे एका विद्यार्थिनीने विचारले. त्यांनी प्रथम १९११ हे साल लिहिले, त्याखाली १९२६, त्याखाली १९५२. आणि मग, वर्गात आजवर कधी न सांगितलेली आपली घराची जुनी खूण, तारेच्या आतली, त्यांनी सांगितली. चित्रपट त्यानंतर सुरू झाला.